खंडित अन्ननलिकेची जोडणी

नवजात अर्भकाच्या तोंडांतून सारखा फेस येतो. दुधाचा पहिलाच घोट घशाखालीं उतरत नाहीं. ठसका लागून ओठ निळे पडतात. वैद्य एक बारीक नळी आंत सारतात, तों ती छातीच्या वरच्या भागांतच अडते, आणि निदान होतें. घशापासून जठरापर्यंत अखंड असावयाची अन्ननलिका या मुलांत जन्मतःच मध्यें तुटलेली असते. सुमारें ३,००० ते ४,००० जन्मांत एका मुलास हें व्यंग असतें. बहुधा नलिकेचा वरचा भाग पिशवीसारखा बंद असतो व खालचा भाग श्वासनलिकेला जाऊन मिळतो. म्हणजे दूध पोटांत जात नाहीं तें नाहींच, उलट पोटांतील आम्लरस फुप्फुसांत शिरतो.

इंग्लंडांत टॉमस गिब्सन यानें १६९७ मध्येंच या व्यंगाचें नेमकें वर्णन करून ठेविलें होतें. परंतु त्यानंतर जवळजवळ अडीच शतकें त्यावर उपाय सांपडला नाहीं. १९४१ मध्यें अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे शस्त्रवैद्य कॅमेरॉन हाइट यांनीं एका तान्ह्या मुलीच्या नलिकेचीं दोन्ही टोकें एकाच शस्त्रक्रियेंत सांधलीं आणि ती वांचली. आज सुसज्ज रुग्णालयांत अशीं बहुतेक मुलें वांचतात.

खरी अडचण येते ती दोन टोकांमधील अंतर मोठें असलें म्हणजे. अपुरें कापड ओढून शिवलें तर शिवण उसवते. तसेंच येथें होतें. सांधा गळूं लागतो किंवा व्रण आकसून मार्ग अरुंद होतो. मग जठर छातींत ओढून घ्यावें, अथवा आंतड्याचा तुकडा मध्यें जोडावा, असे उपाय आहेत. पण घास खालीं ढकलण्याचें नलिकेचें कसब त्यांना नसतें.

अमेरिकन शस्त्रवैद्य जॉन फोकर यांनीं १९९७ मध्यें निराळी पद्धत प्रसिद्ध केली. दोन्ही टोकांना दोरे बांधून ते शरीराबाहेर काढावयाचे, रोज थोडथोडे ताणावयाचे, आणि टोकें जवळ आलीं कीं सांधावयाचीं. मात्र टांके निसटूं नयेत म्हणून मुलाला कित्येक दिवस गुंगींत निश्चल ठेवावें लागतें. शिवाय एक शंका उरतेच : ताणानें नलिका खरोखर वाढते, कीं रबरासारखी नुसती लांबून पातळ होते?

याचें उत्तर मुलांवर शोधतां येत नाहीं. त्यासाठीं नलिकेचा छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. म्हणून प्राण्यांकडे वळावें लागलें. गर्भिणी उंदरीला ॲड्रियामायसिन हें औषध दिल्यास तिच्या पिलांत हेंच व्यंग उत्पन्न होतें, असें माद्रिद येथील संशोधकांनीं १९९६ मध्यें दाखविलें. व्यंग गर्भांत कसें घडतें, हें त्यावरून अभ्यासतां आलें. परंतु शस्त्रक्रियेच्या प्रयोगास उंदराची नलिका फार लहान. तेथें डुकराची उपयोगी पडते, कारण ती आकारानें मनुष्याच्या नलिकेच्या जवळची असते.

बोस्टन येथील बाल रुग्णालयांत पिअर ड्यूपॉन्ट, डेना डॅमियन व त्यांचे सहकारी यांनीं डुकरांवर केलेला प्रयोग २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. नलिकेवर बाहेरून दोन कडीं बसविलीं व एका लहान यंत्रानें तीं हळूहळू परस्परांपासून दूर सारलीं. किती जोर लावावयाचा, हें शरीराबाहेरून ठरवितां येत होतें. ८-९ दिवसांत तेवढा भाग ७७ टक्के लांबला. म्हणजे १० अंगुळांचे जवळजवळ १८ अंगुळें झालीं. नलिकेचा व्यास कमी झाला नव्हता, आणि पेशींची संख्या वाढल्याचें तपासणींत दिसून आलें. सारांश, नलिका ताणली गेली इतकेंच नव्हे, ती वाढली. या सर्व काळांत जनावरें जागीं होतीं, हिंडत होतीं व नेहमीप्रमाणें खात होतीं.

येथें एक भेद विसरतां कामा नये. त्या डुकरांची नलिका निरोगी व अखंड होती. मुलाची दोन तुकड्यांत असते, आणि दोन-तीन किलो वजनाच्या देहांत यंत्राला जागा थोडी. एवढ्या एका प्रयोगानें नवा उपचार सिद्ध होत नाहीं. परंतु मोजक्या, सौम्य ताणानें नलिका वाढते हें त्यानें दाखविलें. हीच गोष्ट अर्भकांत साधली, तर त्यांना दिवसेंदिवस गुंगींत ठेवावें लागणार नाहीं, आणि पुढें अन्नाचा घास त्यांच्या स्वतःच्याच नलिकेंतून उतरेल.