माळ्यावरचा स्पेक्ट्रम आणि त्याच्या कॅसेटी : कोणती कुठे चालते?

ईदच्या आधी साफसफाई निघाली की माळ्यावरून काय काय खाली येतं. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या चाचा-मामूंच्या सामानात एखादा काळा कीबोर्ड आणि कॅसेटींचा डबाही निघू शकतो. बोदवडात तुमच्या घरी तो निघाला, तर भंगारात घालण्याआधी थांबा. तो नुसता कीबोर्ड नसेल, अख्खा कॉम्प्युटर त्यातच असेल.

इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीने १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आणला. घरच्या टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरवरून भरायचा. त्याचं पुढचं मॉडेल, स्पेक्ट्रम प्लस, पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन आपल्याकडे ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ म्हणून विकलं. मेमरी फक्त ४८ केबी. मोठा प्रोग्राम भरायला पाचेक मिनिटं लागत, आणि मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून!

आता कॅसेटींचं. नाव ‘स्पेक्ट्रम’ असलं म्हणून प्रत्येक कॅसेट प्रत्येक मॉडेलवर चालेल असं नाही. पहिल्या वर्षी १६ केबीचं स्वस्त मॉडेलही होतं. त्याचे प्रोग्राम ४८ वर चालतात, पण ४८ चे १६ वर मावतच नाहीत. स्पेक्ट्रम प्लसची अडचण नाही, कारण आतलं यंत्र ४८ चंच, वरचं कव्हर आणि बटणं तेवढी नवीन. नंतर १२८ केबीचं मॉडेल आलं. त्यासाठीच लिहिलेले प्रोग्राम पुण्याच्या मशीनवर चालत नाहीत. उलट ४८ चे प्रोग्राम १२८ वर चालावेत म्हणून त्यात सुरुवातीलाच ‘४८ बेसिक’ असा पर्याय दिला होता. तरी काही प्रोग्राम अडतातच. १२८ चा वेग किंचित वेगळा आहे, त्यामुळे नेमक्या वेळेवर रंग बदलणारे खेळ गडबडतात. १९८७ च्या प्लस थ्रीमध्ये तर मागची जोडणीही बदलली, म्हणून जुनी काही जोडउपकरणं त्याला लागत नाहीत.

एक गंमत आपल्या कामाची आहे. ४८ वर वापरणाऱ्याला स्वतःची २१ अक्षरं तयार करता येत, प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं. मराठी किंवा उर्दू अक्षरं पडद्यावर आणायची तर हाच सोपा रस्ता. पण १२८ च्या नव्या बेसिकमध्ये शेवटच्या दोन जागा ‘स्पेक्ट्रम’ आणि ‘प्ले’ या दोन आज्ञांना दिल्या. म्हणजे कोणी तिथे ‘ज्ञ’ किंवा ‘ے’ ठेवलं असेल, तर पडद्यावर अक्षराऐवजी तो इंग्रजी शब्दच उमटणार. प्रोग्राम बिघडला असं समजू नका, ‘४८ बेसिक’ निवडून पुन्हा भरा.

त्याच काळात, १९८४-८५ पासून, सरकारच्या ‘क्लास’ योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते. त्यांचा प्रोसेसर वेगळा, बेसिकही वेगळी. शाळेतली कॅसेट घरच्या स्पेक्ट्रमवर चालायचा प्रश्नच नव्हता.

डब्यात नात आणि कव्वालीच्या कॅसेटीही मिसळलेल्या असतील. एखादी लावली आणि कर्कश किर्र आवाज आला, तर ‘खराब झाली’ म्हणून तिच्यावर दुसरं काही भरू नका. तो आवाज म्हणजेच प्रोग्राम आहे. आधी कॅसेटच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या तोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. मग टेपरेकॉर्डरच्या इयरफोनच्या भोकातून तार घेऊन कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा, पण एमपीथ्रीमध्ये नाही, वेव्ह फाईलमध्ये. एमपीथ्री आवाज दाबते आणि प्रोग्राम वाचता येईनासा होऊ शकतो. टेपवरचा थर वर्षागणिक झिजतो, तेव्हा हे काम पुढच्या ईदवर ढकलू नका.

मशीन लगेच चालू करायची घाई मात्र नको. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात, आणि पिनचा मधला भाग ऋण असतो. आजचे बहुतेक अडॅप्टर उलटे, मधे धन असलेले. तसला लावला तर मशीन कायमचं जाऊ शकतं. त्यापेक्षा आधी ‘फ्यूज’ हा मोफत प्रोग्राम आजच्या कॉम्प्युटरवर टाका. तेव्हा हक्क असलेल्या ॲमस्ट्रॅड कंपनीने १९९९ मध्येच अशा वापराला परवानगी दिलेली आहे. त्यात मॉडेल म्हणून ४८ केबी निवडा आणि रेकॉर्ड केलेली फाईल भरून बघा.