काचपात्रांतील गोबी

गतवर्षीं आम्हीं घरच्या काचपात्रांत चार इवले गोबी मासे पाळले. भुंग्यासारखे काळे-पिवळे पट्टे असलेला हा मासा मूळचा आग्नेय आशियांतील असून लांबीनें जेमतेम दीड इंच भरतो. पोटाखालीं जुळलेल्या परांच्या वाटीनें तो दगडास चिकटून बसतो. कोरडें खाद्य विपुल असतांही दोन मासे उपाशीं मेले. कारण हा मासा बहुधा जिवंत, हलतें भक्ष्यच खातो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. तेव्हां आम्ही पाणपिसवा व डांसांच्या बारीक अळ्या घालूं लागलों. मोठे मासे निराळे केले, पाणी समुद्राच्या मिठानें किंचित् मचूळ केलें, लपावयास खापऱ्या ठेविल्या व दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदललें. कांहीं महिन्यांनीं एका खापरीखालीं अंडीं दिसलीं आणि नर त्यांची राखण करीत होता! मुक्या जीवाची भूक ओळखणें हेंच खरें पालन होय.