बियाणं उगवलं नाही, तर पावतीच बोलेल

मृगाचा पाऊस पडून गेला, रानात वाफसा झाला की तिसगावच्या कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते. मढी, निवडुंगे, घाटशिरसकडचा शेतकरी बाजार करता करता कपाशीची पाकिटं, बाजरीच्या पिशव्या, खताच्या गोण्या घेऊन जातो. बरीचशी खरेदी उधारीवर. दुकानदार ओळखीचा, पैसे माल निघाल्यावर द्यायचे. मग बिल कोण मागणार? वहीत नाव मांडलं, साध्या कागदावर आकडा लिहून दिला की व्यवहार पुरा झाला.

अडचण पुढे येते. आठ-दहा दिवस झाले, शेजारच्या रानात तासं दिसायला लागली आणि आपल्या रानात कुठं तरी एखादा कोंब. दुकानदार म्हणतो, कंपनीला विचारा. कंपनीचा माणूस म्हणतो, पाऊस कमी झाला, बी खोल पडलं. आणि ज्याच्याकडे पक्की पावती नाही, त्याला दोघेही म्हणतात, हे बियाणं आमचं कशावरून?

शेतकरी बंधूंनो, कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तो कागदाशिवाय चालत नाही.

शेतकरीही ग्राहकच

ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो का, हा वाद मात्र बरीच वर्षे चालला. शेतकऱ्याने १९६६ च्या बियाणे कायद्याखाली दाद मागावी, ग्राहक न्यायालयात येऊ नये, असे कंपन्या म्हणत. बियाणे कायद्याने विक्रेत्यावर खटला होऊ शकतो, दंड होऊ शकतो. पण त्यातून शेतकऱ्याच्या पदरात नुकसानभरपाई पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात हा वाद मिटवला. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांचे ते प्रकरण होते. शेतकरी ग्राहक आहे आणि बियाणे कायदा असला तरी त्याला ग्राहक न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे, असा निकाल लागला. दुसरा मुद्दा तितकाच महत्त्वाचा. बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला नाही म्हणून दावा फेटाळा, असे कंपनी म्हणत होती. शेतकरी विकत घेतलेले सगळे बी पेरून टाकतो, नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आपल्याकडेही २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भासह अनेक भागांत सोयाबीन उगवले नाही. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. आपला जिल्हाही याच खंडपीठाखाली येतो.

घेताना काय पाहाल?

पक्क्या पावतीवर तुमचे नाव, पीक व वाण, लॉट नंबर, मुदत, वजन आणि किंमत आली पाहिजे. खाली दुकानदाराची सही. उधारी असली तरी पावती मिळालीच पाहिजे. उधारी हा पैशाचा प्रश्न, पावती हा हक्काचा.

पिशवीवरचे लेबल वाचा. प्रमाणित बियाण्याला निळे लेबल असते, सत्यतादर्शक बियाण्याला हिरवट. सोयाबीनची उगवण कमीत कमी ७० टक्के आणि बाजरीची ७५ टक्के असावी लागते. घरी तपासायचे तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि कोंब मोजा. पिशवी फोडताना ती खालच्या बाजूने फोडा, लेबल शाबूत ठेवा आणि मूठभर बी पिशवीतच राखून ठेवा. न्यायालयाने ते सक्तीचे केले नाही, पण हाती असले तर दावा भक्कम होतो.

खताच्या गोणीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नका. युरिया हवा असेल तर ही औषधाची बाटलीही घ्या, असे ‘लिंकिंग’ करता येत नाही. अनुदानित खत मशीनवर अंगठा लावून मिळते, त्याची पावतीही निघते. ती मागून घ्या.

दुबार पेरणीची घाई

खरी कोंडी इथे होते. पंचनाम्याची वाट पाहावी तर ओल जाते, पाळी घालून दुसरे बी पेरावे तर पुरावा मातीत जातो. यावर एकच उपाय. उगवण फसल्याचे दिसताच त्याच दिवशी पाथर्डी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याला द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगणे म्हणजे न सांगण्यासारखेच.

तक्रार निवारण समिती रानात येते, तीत कृषी खात्याचे अधिकारी व कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ असतात. पाहणीची सूचना विक्रेत्याला आणि कंपनीला गेली आहे ना, एवढे विचारा. ‘आम्हाला बोलावलेच नाही’ म्हणून पुढे अहवालच मोडीत काढला जातो. पंचनाम्याची नक्कल मागून घ्या. समितीला उशीर होत असेल तर चार-सहा तासं तशीच सोडून बाकीचे रान पेरा. तारखेसह फोटो काढा, शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या सह्या घ्या. शेजारी त्याच पावसावर दुसरे वाण उगवले असेल तर तेही लिहून ठेवा; ‘पाऊस कमी’ या सबबीला तेच उत्तर आहे.

दावा कुठे, कसा?

आधी विक्रेता व कंपनी या दोघांना टपालाने लेखी नोटीस द्या. दाद मिळाली नाही तर नगरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो. मुदत २ वर्षांची. फी किती, ते मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही; माल घेताना दिलेल्या पैशावर ठरते. ते ५ लाखांपर्यंत असतील तर फी शून्य. म्हणजे बियाण्याच्या बहुतेक दाव्यांना फीच नाही. वकील देण्याची सक्ती नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

भरपाई मागताना केवळ बियाण्याची किंमत लिहू नका. मशागत, खत, पेरणीची मजुरी आणि बुडालेले उत्पन्न हेही मांडा. सातबारावर पिकाची नोंद हवी, म्हणून ई-पीक पाहणी वेळेत करा. निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

एक भेद ध्यानात ठेवा. कांदा विकून व्यापाऱ्याने पट्टी बुडवली तर तो ग्राहकाचा दावा नव्हे. तेव्हा तुम्ही विकणारे असता. त्यासाठी बाजार समितीच्या सचिवाकडे लेखी तक्रार करावी.

गावाच्या कारभाऱ्यांना

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांनी खरिपाआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. दुकानात परवाना, साठा आणि भाव यांचा फलक लागला आहे का, हे पाहावे. एकाच लॉटचे बी दहा जणांचे फसले असेल तर दहा अर्ज एकत्र करून द्यावेत.

पुष्कळांना वाटते, तक्रार केली तर दुकानदार पुढच्या साली उधारी देणार नाही. एकट्याला ही भीती खरीच आहे. म्हणूनच दहा जणांनी एकदम जावे; सगळ्या गावाची उधारी बंद करणे दुकानदाराला परवडत नाही. आणि भला दुकानदार तर पावती न मागताच देतो, कारण बी खराब निघाले तर कंपनीपुढे त्यालाही तोच कागद दाखवायचा असतो.