‘एकूण गुण’ आणि ‘श्रेणीबिंदू’ : विधिप्रवेशातील ४५ टक्क्यांचा अर्थ

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयांतून कला वा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन जे विद्यार्थी वकिलीकडे वळू इच्छितात, त्यांच्यापैकी काहींच्या गुणपत्रिकेवर ४.६ अथवा ४.८ असा आकडा असतो. हा आकडा पाहून एक विद्यार्थी निराश होतो व अर्जच करीत नाही. दुसरा त्याला दहाने गुणून आपले ४६ टक्के झाले असे मानतो, प्रवेशपरीक्षा देतो आणि कागदपत्रांच्या छाननीत अपात्र ठरण्याचा धोका पत्करतो. दोघांच्याही चुकीचे मूळ एकच आहे. ज्या परिभाषेत नियम लिहिला गेला तिच्यात विद्यापीठ निकाल देत नाही. आणि एका परिभाषेतून दुसरीत जाताना अर्थाचा काही अंश अपरिहार्यपणे गळून पडतो.

नियम भारतीय विधिज्ञ परिषदेचा आहे. तिच्या २००८ च्या विधिशिक्षण नियमावलीप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीपरीक्षेत, आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीच्या परीक्षेत, सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवारास एकूण गुणांच्या किमान ४५ टक्के गुण असावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ही मर्यादा ४० टक्के असून, इतर मागास वर्गांसाठी ती पुढे ४२ टक्के ठरविण्यात आली. एवढे गुण असले म्हणजे प्रवेशाचा हक्क आपोआप प्राप्त होतो असे नव्हे, हेही त्याच नियमात सांगितले आहे. येथे महत्त्वाचा शब्द ‘एकूण’ हा होय. नियमाला अभिप्रेत आहे ती बेरीज, सरासरी नव्हे.

मराठीत ‘सरासरी’ हा शब्द फारसीतून आला. ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत, समग्र’ असा त्याच्या मुळाचा अर्थ आहे, आणि व्यवहारात आपण तो ‘अदमासे’ या अर्थानेही सहज वापरतो. श्रेणीबिंदूंच्या सरासरीला हा दुसरा अर्थच अधिक लागू पडतो असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबई विद्यापीठाने २०१० नंतरच्या वर्षांत सात बिंदूंची श्रेणीपद्धती आणली. तीत ७० व त्याहून अधिक गुणांस ७ बिंदू, ६० ते ६९.९९ पर्यंत ६, ५५ ते ५९.९९ पर्यंत ५, ५० ते ५४.९९ पर्यंत ४, ४५ ते ४९.९९ पर्यंत ३ आणि ४० ते ४४.९९ पर्यंत २ बिंदू मिळत. पुढे २०१६-१७ पासून दहा बिंदूंची पद्धती आली. तीत ५० ते ५४.९९ गुणांस ६ बिंदू, ४५ ते ४९.९९ गुणांस ५ बिंदू आणि ४० ते ४४.९९ गुणांस ४ बिंदू. म्हणजे नुसता ‘४’ हा आकडा पुढे आला तर तो कोणत्या मोजपट्टीवरचा आहे हे कळल्याखेरीज त्यास अर्थच नाही. एका पट्टीवर तो पन्नाशीच्या वर आहे, दुसरीवर पंचेचाळिशीच्या खाली.

त्रैराशिक मांडून टक्केवारी काढण्याचा मार्ग सोपा दिसतो, परंतु तो फसवा आहे. जुन्या पद्धतीतील एखाद्या विद्यार्थ्यास सर्व विषयांत ४५ ते ४९.९९ च्या दरम्यान गुण असतील तर त्याची सरासरी बरोबर ३ येईल. तीन भागिले सात म्हणजे ४२.८६ टक्के; प्रत्यक्षात त्याचा एकही विषय ४५ च्या खाली नाही. नव्या पद्धतीत नेमके उलट घडते. तसेच गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याची सरासरी ५ येते आणि दहाने गुणल्यास ५० टक्के दिसतात, वस्तुतः एकाही विषयात तो पन्नाशीला पोहोचलेला नसतो.

आता आरंभी उल्लेखिलेला ४.६ हा आकडा घ्यावा. समजा, साठ टक्के श्रेयांकांच्या विषयांत ५ बिंदू आहेत व उरलेल्यांत ४. पहिल्या गटात कमीत कमी ४५ व दुसऱ्यात कमीत कमी ४० गुण धरले, तर खरी टक्केवारी ४३ भरते. दोन्ही गटांत वरची सीमा धरली तर ती ४८ च्या अगदी जवळ जाते. एकाच ४.६ च्या पोटात पात्र व अपात्र असे दोन्ही उमेदवार बसू शकतात, आणि केवळ बिंदूंवरून त्यांस वेगळे करण्याचा मार्ग नाही. शिवाय ७० च्या पुढील श्रेणीत येणारा एखादाच उत्तम विषय सरासरी वर ओढतो, तेव्हा हे गणित आणखी गुंतागुंतीचे होते.

मोजपट्टीपासून सुटा केलेला आकडा किती मुका असतो याचे उदाहरण मुंबईच्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांस ७५० पैकी २८२, म्हणजे ३७.६ टक्के गुण होते. पुढे १९१६ मध्ये ते लंडनच्या ग्रेज इनमध्ये दाखल झाले, आणि १८५५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे १९३५ मध्ये प्राचार्य झाले. तेव्हाच्या मॅट्रिकची कसोटी आणि आजच्या बारावीची कसोटी यांची तुलना करणे अर्थात अशास्त्रीय होईल. पण ३७.६ हा आकडा आजच्या नियमाशेजारी ठेवला, तर तो ४० च्या मर्यादेतही बसत नाही, इतके मात्र नोंदविणे अप्रस्तुत नाही.

४५ चा उंबरठा ओलांडल्यावर मात्र कमी सरासरीचे ओझे पुष्कळ हलके होते, आणि हा बदल फार जुना नाही. २०१६ पूर्वी मुंबईच्या विधी महाविद्यालयांतील प्रवेश पूर्वपरीक्षेच्या गुणांवर होत. ४८ टक्केवाल्याचा क्रमांक ६० टक्केवाल्याच्या मागे लागणे ठरलेलेच होते. २०१६ पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली व गुणवत्ताक्रम तिच्या गुणांवर लागू लागला. चर्चगेटचे शासकीय महाविद्यालय असो की पार्ल्याचे प्रवीण गांधी किंवा जितेंद्र चौहान विधी महाविद्यालय, तेथील राज्यस्तरीय फेरीत पदवीचे गुण प्रथमतः पात्रतेपुरते पाहिले जातात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या या परीक्षेत आरंभी १५० प्रश्न होते, २०२५ पासून ते १२० झाले. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. उरलेले विभाग मराठीतूनही सोडविता येत असले तरी एकतृतीयांश गुण इंग्रजी भाषेचे आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची खरी अडचण अनेकदा त्याची पदवीची सरासरी नसून हा तिसरा हिस्सा असतो, आणि तयारीचा वेळ वाटताना याचा विचार क्वचितच केलेला दिसतो.

अमेरिकेतील व्यवस्था याहून भिन्न आहे. तेथील विधी महाविद्यालये पदवीची सरासरी आणि १९४८ पासून चालत आलेली एलसॅट ही परीक्षा एकत्र तोलतात, आणि कमी सरासरीचे कारण उमेदवारास स्वतंत्र टिपणात मांडता येते. परंतु भारतीय पदवीधराच्या गुणपत्रिकेचे तेथील प्रवेशमंडळ चार बिंदूंच्या सरासरीत रूपांतर करीत नाही; ती कोणत्या दर्जाची आहे याचा शब्दांत अभिप्राय देते. रूपांतराची अशक्यता तेथे निदान मान्य केलेली आहे.

आपल्याकडे उपाय साधा व कारकुनी स्वरूपाचा आहे. सरासरी सीमेच्या आसपास असेल तर उमेदवाराने प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिकेवरील विषयवार प्रत्यक्ष गुण एकत्र करावेत, त्यांची व कमाल गुणांची बेरीज करून टक्केवारी काढावी, आणि महाविद्यालय वा परीक्षा विभागाकडून एकूण गुणांचा दाखला अथवा विद्यापीठाचे अधिकृत रूपांतर-प्रमाणपत्र मागून घ्यावे. निकालानंतरच्या फेऱ्यांत कागदपत्रांसाठी मिळणारे दिवस मोजके असतात, आणि बोरिवलीहून वा मुलुंडहून फोर्ट-कालिन्याच्या खेपा घालण्यातच ते सरतात.