श्मिट आला, वाद मिटला!

माहीत आहे का, सर्किट सिम्युलेटरमधल्या श्मिट ट्रिगरचं मूळ माकुलात आहे? हो हो, तोच माकुल, जो कोकणात रवा लावून तळतात! अमेरिकेतले ओटो श्मिट माकुलाच्या नसांमधून संदेश कसा धावतो, याचा अभ्यास करत होते. त्यातूनच १९३४ मध्ये, विद्यार्थी असतानाच, त्यांना हे सर्किट सुचलं. तेव्हा ना ट्रान्झिस्टर, ना चिप. सगळा कारभार व्हॅक्यूम ट्यूबचा!

पण यात विशेष काय? साध्या कंपॅरेटरला उंबरठा एकच. इनपुट तिथे घुटमळलं, जरा नॉइज आला, की आउटपुटचं तळ्यात-मळ्यात सुरू! श्मिट यांनी उंबरठे दोन केले: चढायचा वेगळा, उतरायचा वेगळा. मधल्या पट्ट्यात नॉइजनं कितीही नाचावं, आउटपुट ढिम्म!

आता सिम्युलेशन. एलएम३९३ कंपॅरेटर ठेवला, रन दाबलं आणि आउटपुट? भोपळा! मॉडेल बिघडलं? छे. या चिपचं आउटपुट ओपन कलेक्टर. खाली ओढायला आत ट्रान्झिस्टर आहे, वर ढकलायला कुणीच नाही. ५ व्होल्टकडून ४.७ किलोओहमचा पुल-अप जोडा, चौकोनी वेव्ह हजर! तरी एक मेख राहतेच. आउटपुट ‘हाय’ असताना हाच पुल-अप फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुटचा अंश परत इनपुटला नेणाऱ्या, वाटेतही येतो. त्या वाटेनं ग्राउंडपर्यंत १०० किलोओहम असतील, तर आउटपुट ५ नाही, ४.७८ व्होल्ट. उंबरठाही त्याच प्रमाणात सरकला!

एलएम३११ कंपॅरेटर वापरताय? त्याची पिन १ ग्राउंडला जोडलीत ना? आउटपुट ट्रान्झिस्टरचा एमिटर तिथे आहे. तो लोंबकळत ठेवला तर आउटपुटही लोंबकळणार. हे घराणं चिप-डिझाइनर बॉब विडलर यांचं. कंपनीचं गवत कापायला चक्क मेंढी घेऊन आलेला अवलिया!

माहीत आहे का, सिम्युलेटरमध्ये लाख व्होल्ट फुकटात मिळतात? आदर्श ऑप-अँप घ्या, गेन १ लाख, सप्लायची मर्यादा घालू नका, इनपुटला १ व्होल्टचा फरक द्या. झालं! शॉक मात्र फक्त ग्राफला.

७४१ हा खरा ऑप-अँप उलट कंजूष. सप्लाय ±१२, पण आउटपुट ११ च्या आसपास अडतं. फीडबॅकला दोन समान रेझिस्टर लावून कागदावर उंबरठा ६ काढलात, तर स्क्रीनवर तो साडेपाचच्या जवळ दिसणार. शिवाय चालही संथ, मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट! इनपुटची फ्रीक्वेन्सी वाढवा, चौकोनाचे खांदे पडतात.

सगळ्यात भारी गंमत ऑपरेटिंग पॉइंटची. इनपुट शून्य, ±सप्लाय, आदर्श मॉडेल. सिम्युलेटर बिनदिक्कत सांगतो, आउटपुटही शून्य! गणित बरोबर, पण खऱ्या सर्किटमध्ये ही अवस्था टिकणं अशक्य. कणभर नॉइजही तिला एका टोकाला फेकून देतो. सिम्युलेटरमध्ये तो नॉइजच नाही! म्हणून सुरुवातीचा व्होल्टेज तुम्हीच ठरवून द्या.

आणि तो देखणा हिस्टेरेसिसचा चौकोन हवाय? एका दिशेच्या डीसी स्वीपमध्ये अर्धाच दिसेल. सावकाश चढणारी-उतरणारी ट्रँग्युलर वेव्ह द्या, एक्स अक्षावर इनपुट घ्या, वायवर आउटपुट. उजवीकडे जाताना एक पायरी, परतताना दुसरी!