केचपमागची बाई

‘केचप’ या शब्दाचा मला बरीच वर्षं नाद आहे. आपल्या घरात तो फारसा बोलला जात नाही. आपण ‘सॉस’ म्हणतो, वाणीही सॉसचीच बाटली काढून देतो. पण इंग्रजीतला हा शब्द जितके मालक बदलून आला, तितके क्वचितच एखाद्याच्या नशिबी येतात.

उगम बहुतेकांनी वाचलेला असेल. दक्षिण चीनमधल्या होक्कियन बोलीत खारवलेल्या मासळीच्या रसाला ‘के-त्स्याप’च्या जवळचा शब्द होता. काही जण मलय भाषेचा हक्क सांगतात, मला होक्कियनचा पक्ष बळकट वाटतो. चार्ल्स लॉकियर या इंग्रज व्यापाऱ्याने १७११ साली लिहून ठेवलं आहे की उत्तम केचप टोंकिनचा, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामचा. विलायतेत लगेच नकला सुरू झाल्या. हॅना ग्लासबाईंनी १७४७ च्या पाकपुस्तकात जहाजांच्या कप्तानांसाठी शिळी बिअर आणि अँचोव्ही मासे घालून वीस वर्षं टिकणारा केचप सांगितला. पुढे अळंबीचा झाला, अक्रोडाचा झाला, कालवांचा झाला. टोमॅटो सर्वांत शेवटी. फिलाडेल्फियाच्या जेम्स मीझ यांची १८१२ ची कृती पाहावी: मीठ, जायपत्री, ब्रँडी. साखरेचं नाव नाही, व्हिनेगरचंही नाही.

मग तो आजच्यासारखा आंबटगोड झाला कधी? याचं उत्तर शोधताना मला स्वयंपाकघर सोडून एका सरकारी भांडणात शिरावं लागलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले बरेच कारखाने टोमॅटो डब्यात भरून उरलेल्या साली, गाभे, नासके तुकडे यांचा केचप करत. रंग डांबरापासून काढलेला, आणि नासू नये म्हणून सोडियम बेंझोएट. कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वायली याविरुद्ध उभे ठाकले. १९०२ पासून त्यांनी तरुण स्वयंसेवकांना असली रसायनं जेवणातून खाऊ घालून परिणाम नोंदवले. वृत्तपत्रांनी त्या पंगतीला ‘विषपथक’ म्हटलं. १९०६ साली अन्नशुद्धीचा कायदा झाला. त्यावर कारखानदारांचा एकच घोषा: बेंझोएटशिवाय केचप टिकूच शकत नाही.

ते खरं की खोटं, हे पाहायला वायलींच्या खात्याने आर्व्हिल आणि कॅथरिन बिटिंग या जोडप्याला लावलं. कॅथरिनबाईंनी आधी पर्ड्यू विद्यापीठात जीवशास्त्र शिकवलं होतं, खात्यात त्या सूक्ष्मदर्शकाचं काम पाहत. दोघांनी स्वतः केचप शिजवला, बाटल्या भरल्या, उघडून ठेवल्या, बुरशी कधी धरते ते पाहिलं. निष्कर्ष साधा होता. माल ताजा घ्या, भांडी स्वच्छ ठेवा, साखर आणि व्हिनेगर वाढवा; रसायन लागत नाही. १९०९ च्या अहवालावर नाव आर्व्हिलचं आहे. हे मला खटकतं.

कायद्याच्या लढाईत वायली हरले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी नेमलेल्या आयरा रेमसन यांच्या मंडळाने त्याच वर्षी थोडं बेंझोएट निरुपद्रवी ठरवलं, आणि आपल्याकडच्या बाटल्यांवरचा ‘२११’ हा आकडा त्याच बेंझोएटचा. बाजारात मात्र वायलींची बाजू जिंकली. हाईन्झ कंपनीने बेंझोएट वगळून दाट, गोड, महाग केचप काढला आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे वळलं. शुद्धतेचा हा विजय साखरेच्या पोत्यावर बसून आला, हे वायलींचे चाहते सहसा सांगत नाहीत.

हाईन्झचं नाव घरोघर गेलं. कॅथरिनबाई पाकपुस्तकं जमवत राहिल्या. त्यांची जंगी ग्रंथसूची १९३९ साली, त्या गेल्यावर दोन वर्षांनी छापली गेली. चार हजारांवर ग्रंथांचा संग्रह आर्व्हिलनी १९४४ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिला. त्यात मार्तिनो या इटालियन आचाऱ्याच्या पाककृतींची पंधराव्या शतकातली हस्तलिखित पोथी आहे. तीत टोमॅटो नाही. कोलंबस अजून निघायचा होता.