खोली माझी, तार सगळ्यांची

मुंबईतल्या चाळींवर मराठीत दोन प्रकारचे लेखन होते. एक आठवणींचे : गॅलरी, गणपती, शेजार. दुसरे पुनर्विकासाचे : चौरस फूट, टॉवर, करारनामे. या दोहोंच्या मध्ये आज चाळीत राहणारी माणसे आहेत. त्यांच्या भिंतींवरून जाणाऱ्या तारा, नळ आणि सांडपाण्याच्या नळ्या यांवर फारसे कोणी लिहीत नाही. लालबाग, परळ, नायगाव भागात वायरिंगची कामे करण्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली. त्या कामातून जे समजले ते इथे मांडतो. मुद्दा एकच आहे. चाळीतली खोली एका कुटुंबाची असते. पण तिच्यात येणारी वीज, येणारे पाणी आणि बाहेर जाणारे सांडपाणी या सगळ्यांच्या वाटा सामाईक असतात. सुधारणा मात्र आपण खोलीपुरती करतो. त्यामुळे पुष्कळदा एका घरातली सोय शेजारच्या घरातला धोका होऊन बसते.

मुळात काय बांधले होते?

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. बीआयटी चाळी त्याच्याच. पुढे १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी इथे बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, चाळीत एकूण ऐंशी. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. खासगी मालकांच्या चाळींत बहुधा लाकडी खांब, लाकडी तुळया आणि त्यांवर कोबा. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज १९१५ पासून गिरण्यांना मिळू लागली होती. गिरणी कामगाराच्या खोलीत ती पुढे हळूहळू पोहोचली, आणि तीही एक-दोन दिव्यांपुरती.

दुरुस्तीचे घोडे अडले ते पैशांपाशी. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने खासगी चाळींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला निवारा टिकला, पण त्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, असे म्हणायला मालक मोकळा झाला. १९६९ च्या कायद्याने इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमले गेले. त्याच्या यादीत सुरुवातीला साडेएकोणीस हजारांहून अधिक इमारती होत्या. मंडळाचा मुख्य भर इमारत उभी राहावी यावर. खोलीतले वायरिंग ज्याचे त्याने बघायचे, हा चाळीतला रिवाज. म्हणूनच एका चाळीत तीन पिढ्यांचे वायरिंग शेजारी शेजारी सापडते : सागवानी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली रबरी वेष्टनाची तार, त्यानंतरची अॅल्युमिनियमची, आणि परवा-परवाची तांब्याची.

नरक चतुर्दशीचा हिशेब

वीस खोल्यांचा एक मजला घेऊ. प्रत्येक खोलीत शंभर वॅटचे दिवे असतील तर मजल्याचा भार २,००० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ९ अँपिअर. आता प्रत्येक खोलीत २,००० वॅटचा एक गीझर धरा. नुसत्या गीझरांचे ४०,००० वॅट, म्हणजे सुमारे १७४ अँपिअर. प्रवाह वीसपट झाला. पण तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. तार तीच ठेवली तर उष्णता वीसपट नाही, चारशेपट होईल.

सगळे गीझर एका वेळी चालू नसतात, या भरवशावर जिन्यातून वर जाणारी मुख्य तार बेताची टाकलेली असते. एरवी तो भरवसा चुकीचा नाही. कोणी पहिल्या पाळीला जातो, कोणी दहाला निघतो. पण नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता सगळी चाळ एकदम अभ्यंगस्नानाला उठते. उटणे लागते, वीस गीझर एका तासात चालू होतात, गॅलरीत माळा पेटलेल्या असतातच. त्या वेळी ज्याने आपल्या खोलीत उत्तम तांब्याची तार टाकली त्याचीही वीज त्याच जुन्या मुख्य तारेतून येते. नवी तार तापत नाही. तापतो तो जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतला जुना जोड. आणि अनेक चाळींत त्याच खोलीत मोडके फर्निचर, मंडपाचे बांबू आणि मखरांचे सामान ठेवलेले असते.

फ्यूज कोणाला वाचवतो?

फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार बांधणे हा चाळीतला जुना तोडगा. फ्यूज माणसासाठी नसतो, तारेसाठी असतो. भिंतीवरची तार १० अँपिअर सोसणारी असेल तर त्याआधी फ्यूज वितळला पाहिजे. त्यात जाड तार घातली की वितळण्याचे काम भिंतीवरच्या तारेकडे जाते. आजचा एमसीबी हे फ्यूजचेच काम अधिक नेमकेपणाने करतो. पण शॉक बसलेल्या माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह अँपिअरच्या काही शतांशांइतका असतो. तो जिवावर बेतू शकतो, तरी १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात वीज तोडतो. चाळीत त्याची एक अडचण होते. जुन्या वायरिंगमध्ये दोन खोल्यांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र जोडलेले असतात. मग हिशेब जुळत नाही, आरसीसीबी सारखा पडतो आणि वैतागलेले घर तो काढून टाकते. दोष यंत्राचा नसतो. न्यूट्रल वेगळे केल्याशिवाय ते काम करू शकत नाही, एवढेच.

अर्थिंग आणि नळ

चाळींचे जुने वायरिंग दोन तारांचे. अर्थिंगची तिसरी तार नाहीच. गीझर किंवा वॉशिंग मशीन आले की तीन पिनांचा प्लग येतो आणि तिसऱ्या भोकाचे करायचे काय, हा प्रश्न पडतो. काही जण ते न्यूट्रलला जोडतात. हे फार वाईट. वाटेत न्यूट्रल तुटला तर यंत्राच्या पत्र्यावरच वीज येते. काहींनी पूर्वी अर्थिंगची तार मोरीतल्या लोखंडी नळाला बांधली. नळ जमिनीत जातो, म्हणून ते बराच काळ चाललेही.

मग नळ बदलण्याची लाट आली. लोखंडी नळ आतून गंजतात. गंजाच्या थराने नळाचा व्यास निम्मा झाला की आतल्या वाटेचे क्षेत्रफळ चौथाई उरते, वर घर्षण वाढते. पाणी निम्म्याहूनही पुष्कळ कमी येते. म्हणून तळमजल्यावर प्लास्टिकचा नळ टाकला जातो. पाण्याच्या दृष्टीने काम योग्य. पण त्या क्षणी वरच्या मजल्यांवर नळाला बांधलेली सगळी अर्थिंगे जमिनीपासून तुटतात. आता तिसऱ्या मजल्यावरचा एक गीझर बिघडला, तर उरलेल्या लोखंडी नळातून त्याची वीज दुसऱ्या मजल्यावरच्या तोटीत उतरते. तिथल्या बाईंना हंडा भरताना झिणझिण्या येतात. त्या आपल्या घरचे वायरिंग तपासून घेतात आणि त्यात काहीच सापडत नाही. चाळीत शॉकचे मूळ शोधताना मी आधी नळ पाहतो, तो यासाठी.

पाण्याचा पंपही याच जातीचा. पाणी कमी येते म्हणून एक घर थेट नळाला मोटर लावते. मोटर पाणी ओढते तेव्हा नळात दाबाऐवजी ओढ निर्माण होते, आणि गटाराजवळच्या एखाद्या सैल जोडातून घाण पाणी आत येते. ते मोटरवाल्याच्या पिंपात जाते, तसेच त्या नळावरच्या सगळ्यांच्या पिंपांत जाते.

मोरीचा संडास करताना

घरात संडास हवा, ही चैन नाही. रात्री-अपरात्री गॅलरीच्या टोकाला जाणे म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि बायकांना काय पडते हे चाळीत वाढलेल्यांना सांगायला नको. पण मोरीची नळी आणि मैल्याची नळी जुन्या इमारतींत मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात. मोरीचे पाणी खाली एका जाळीच्या कुंडीत पडते आणि तिथून गटारात जाते. गटाराचा वायू वर येऊ नये म्हणून ही तोड. संडास मोरीच्या नळीला जोडला की मैला चाळीच्या अंगणातल्या त्या कुंडीत उघडा पडतो. त्यासाठी चार इंची वेगळी नळी हवी, वर हवा जायला वाट हवी, आणि ती सगळ्या मजल्यांना मिळून एकदाच टाकली पाहिजे.

दुसरी गोष्ट वजनाची. नव्या इमारतीत न्हाणीघराची जमीन खाली घेतलेली असते. चाळीत ती नसते. मग उतार मिळवायला मोरी आठ इंचांनी उचलतात. चार फूट बाय तीन फूट मोरीत तेवढा विटांचा कोबा भरला की सुमारे ४०० किलो वजन झाले. एकाखाली एक चार मोऱ्यांत हेच झाले तर ते सगळे जुन्या भिंतीवर आणि तुळयांच्या टोकांवर येते. ती टोके मोरीच्या ओलीने आधीच कुजलेली असतात. काँक्रीटमध्ये सळी गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. भर हलकी घालावी, वॉटरप्रूफिंग आधी करावे आणि काम सुरू करण्याआधी खालच्या घराचे छत पाहून घ्यावे.

कढत पाण्याचे मार्ग

बंब गेला, घासलेटचा स्टोव्ह गेला. बादलीत टाकायचा रॉड अजून आहे. धातूची बादली आणि अर्थिंग नसलेला प्लग ही जोडी टाळावी. जुन्या वायरिंगवर ३,००० वॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर ओढतो. २,००० वॅटचा १५ लिटरचा साठवणीचा गीझर ९ अँपिअरच्या आत राहतो. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला त्याला दहा-अकरा मिनिटे लागतात. चाळीला हाच बरा. गॅसचा गीझर मात्र बंद मोरीत कधीच नको. ज्योत हवेतला प्राणवायू खाते, मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत आंघोळ करणारा हाक मारायच्या आधीच बेशुद्ध होतो.

कामाचा क्रम

आपण खोलीपासून सुरुवात करून जिन्यापर्यंत येतो. क्रम उलटा हवा. आधी आवारात अर्थिंगचा खड्डा आणि तिथून प्रत्येक मजल्यावर अर्थिंगची तार. मग मीटरची खोली रिकामी करणे, जुने जोड बदलणे, मुख्य तार आजच्या भाराला पुरेल अशी टाकणे. मग मैल्याची व सांडपाण्याची उभी नळी. मग पाण्याचे नळ, आणि ते बदलण्याच्या आदल्या दिवशी कोणाचे अर्थिंग त्यांवर बांधले आहे याची घरोघर तपासणी. खोलीतले काम शेवटी. अपवाद एकच : न्यूट्रल वेगळा करून आरसीसीबी लगेच बसवावा. माणसाच्या अंगातून गळणारा प्रवाह तो अर्थिंग नसतानाही ओळखतो.

पैशांचा प्रश्न खरा आहे. पण चाळीला सामाईक कामाची सवय नाही असे कोण म्हणेल? गणपतीची वर्गणी दरवर्षी जमते, हिशेब फळ्यावर लागतो, संडास धुण्याच्या आणि पाणी भरण्याच्या पाळ्या ठरतात. मुख्य तार बदलेपर्यंत गीझरच्याही पाळ्या लावता येतात. समसंख्येच्या खोल्यांनी साडेपाचच्या आत, विषमांनी नंतर.

‘चाळ पाडणारच आहेत, आता कशाला खर्च?’ हे वाक्य मी कामाला लागलो तेव्हा ऐकले, आणि त्याच इमारतींत आजही ऐकतो. करार होईल तेव्हा होईल. तोवर दर दिवाळीच्या पहाटे गीझर लागणारच आहेत. यंदा मखराचे सामान परत ठेवण्यापूर्वी मीटरच्या खोलीतले जोड एकदा जाणत्या वायरमनला दाखवून घ्या. सुरुवात तिथून होते.